बोरघाटाच्या पायथ्याशी एक मोकळा दिवस

कामासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला जो रिकामा वेळ मिळतो, तो त्याने मागितलेला नसतो. यंत्राचा एखादा सुटा भाग कस्टमला अडकतो. ज्या साहेबांची सही हवी ते गुरुवारपर्यंत बाहेरगावी असतात. पाया भरून झाला तरी काँक्रीटवर अजून आठवडाभर पाणी मारायचं असतं. आणि अचानक अख्खा दिवस हातात येतो. सहलीला निघालेला माणूस आधी ठिकाण ठरवतो, मग निघतो. इथे ठिकाण कामानेच ठरवलेलं असतं आणि तिथे पोचूनही झालेलं असतं. उरतो तो एकच प्रश्न: आसपास आहे काय?

पळसदरीच्या परिसरात हा प्रश्न वरचेवर पडतो. कर्जतहून खोपोलीच्या लोकलने निघालं की पहिलंच स्टेशन पळसदरी. इथे रेल्वेचे दोन मार्ग वेगळे होतात. एक सरळ बोरघाट चढून खंडाळ्याला जातो, दुसरा केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला जाऊन थांबतो. खोपोली आणि खालापूर पट्ट्यात पोलादाचे, पाइपांचे, रसायनांचे कारखाने आहेत. नवं यंत्र बसवायला, जुनं दुरुस्त करायला, माल तपासायला तिथे परदेशी माणसं येत राहतात. मोकळ्या दिवशी त्यांना बहुतेक वेळा गाडीत घालून मुंबईला नेतात: गेटवे, घारापुरी, थोडी खरेदी आणि येता-जाता तासन्‌तास ट्रॅफिक. मला हा पाहुण्यावर आणि या खोऱ्यावरही अन्याय वाटतो. कारण कामासाठी परदेशी आलेल्या माणसांची ये-जा या खोऱ्याला नवी नाही. ती दोन हजार वर्षांची आहे, आणि त्यांतल्या काहींनी आपल्या खुणा दगडावर ठेवल्या आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तीत कल्याण आहे, चौल आहे, भडोच आहे. ही गलबतं जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत. नैर्ऋत्य मोसमी वारा त्यांना अरबी समुद्र ओलांडून देई, पण भर पावसाळ्यात आपला किनारा धोक्याचा, म्हणून वाऱ्याचा जोर ओसरता असताना, सप्टेंबरच्या आसपास, ती इकडे पोचतील असा बेत असे. परतीला ईशान्येचा वारा लागे, आणि तो हिवाळ्यात वाहतो. रोमन लेखक प्लिनी सांगतो की परतीची गलबतं डिसेंबरात किंवा फार तर जानेवारीच्या मध्याआधी सुटत. म्हणजे माल उतरवून, नवा भरून झाला तरी माणूस दोन-तीन महिने इथेच. लवकर घरी जायचं म्हटलं तरी जाणार कसा? वारा वळला नव्हता.

त्यातही कामाच्या दौऱ्यातले घोळ तेव्हाही होतेच. याच ग्रंथात कल्याण बंदराबद्दल तक्रार आहे. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चाले, पण राज्यकर्ते बदलले, अडवणूक सुरू झाली, आणि चुकून तिकडे गेलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. वाचताना मला आपले बंदरावर अडकलेले कंटेनर आठवतात.

कल्याणहून देशावर जाणारी जुनी वाट उल्हास नदीच्या खोऱ्यातून कर्जतच्या बाजूला येते आणि सह्याद्री चढते. वर पोचलं की पुढे कार्ले आणि आणखी पुढे जुन्नर. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलं की दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा लागतात. त्यांतल्या अनेक खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरली आहेत, आणि त्या दात्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेला कुणीही. एकाचं नाव सिहधय, दुसऱ्याचं धम्म. नावं अशी इथल्या वळणाची असल्यामुळे हे लोक हंगामापुरते आलेले होते की इथेच घर करून राहिलेले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. धेनुकाकट नेमकं कुठे, यावरही नाही. पण ज्याने दर्शनी भागाजवळच्या लेखात हे लेणं पूर्ण केल्याचं सांगून त्याला साऱ्या जंबुद्वीपात श्रेष्ठ म्हटलं, तो भूतपाल शेठसुद्धा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा. एका खांबाचा दाता सोपाऱ्याचा. धंद्याच्या वाटेवरची, घरापासून लांब असलेली माणसं एका ठिकाणी येतात, बघतात आणि त्यांतला एक भाग स्वतःच्या पैशाने उभा करतात. यांना पर्यटक म्हणणं चूक होईल. श्रद्धा होती, पुण्याचा हिशेब होता, आणि भिक्षुसंघाशी बांधलेलं नातं व्यापाराच्या वाटेवर उपयोगी पडत असणार. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते वाट सोडून कुठे आडबाजूला गेले नव्हते. कार्लं वाटेवरच होतं.

पळसदरीहून त्याहून जवळचं लेणं म्हणजे कोंढाणे. राजमाची किल्ल्याच्या पोटात, उल्हास खोऱ्याकडे तोंड करून. आकाराने ते कार्ल्यापुढे लहान, दर्शनी भाग बराच ढासळलेला. पण एक शब्दही न समजणाऱ्या पाहुण्याला मी कार्ल्याआधी कोंढाण्याला नेईन. तिथे एका मोठ्या, फुटलेल्या मूर्तीशेजारी एक ओळ कोरली आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दानाचा उल्लेख नाही, राजाचं नाव नाही. काम करणाऱ्याने केलेली सही आहे ती. यंत्राच्या प्लेटवर आपल्या कंपनीचं नाव ठोकणाऱ्या फिटरला ही गोष्ट सांगायला दुभाषा लागत नाही.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण मधल्या काळातले परदेशी प्रवासी बहुतेक राजदरबाराच्या कामाने गेले आणि घाट त्यांच्या लेखी निव्वळ त्रास होता. 1825 च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर धर्मखात्याच्या तपासणी दौऱ्यावर मुंबईहून पुण्याला निघाले. पनवेल, चौक, खोपोली, घाट आणि वर गेल्यावर वाट थोडी वाकडी करून कार्लं. तपासणी दौऱ्यातून काढलेला तो थोडका वेळ आज त्यांच्या रोजनिशीमुळे शिल्लक आहे. खोपोलीला तेव्हा नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ होतं; घाट चढण्याआधी माणसं आणि जनावरं तिथे दम खात. तलाव आजही आहे. बोरघाटात गाडीरस्ता झाला तो 1830 मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना.

कामाच्या दौऱ्यातल्या फावल्या वेळाने या तालुक्यांचं नशीबच बदलल्याची एक गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. मे 1850. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट दौऱ्यावर होते आणि त्यांचा मुक्काम चौकला, म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी पडला होता. कोकणातला मे महिना, तंबूतला मुक्काम, संध्याकाळी कामकाज संपलेलं. साहेब पाय मोकळे करायला निघाले आणि समोरच्या डोंगरावर अर्ध्या वाटेपर्यंत गेले. जे दिसलं ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानिक वाटाड्या घेऊन ते माथ्यापर्यंत चढले. तो माथा म्हणजे माथेरान. नोव्हेंबरात ते पुन्हा आले, वाट साफ करवली, घर बांधायला घेतलं. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिथे लक्ष घातलं, मुंबईकर येऊ लागले आणि 1907 मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशावर नेरळहून छोटी गाडी वर गेली. ‘मॅलेटने माथेरान शोधलं’ असं पाट्यांवर लिहिलेलं असतं. ठाकर, कातकरी, धनगर त्या डोंगरावर कितीतरी आधीपासून वावरत होते. साहेबाला वाट दाखवणारा कुणीतरी होता याचा अर्थच वाट होती. मॅलेटने शोधलं ते एवढंच, की संध्याकाळचे दोन तास तंबूत काढण्यापेक्षा बाहेर काढलेले बरे.

मॅलेटच्या त्या चढाईनंतर सहाच वर्षांत रेल्वे आली, आणि परदेशी माणसांची इथे रीघ लागली. मे 1856 मध्ये गाडी खोपोलीपर्यंत धावू लागली. पलीकडे पुणे ते खंडाळा हा भाग जून 1858 मध्ये सुरू झाला. मधला घाट बाकी होता. त्यामुळे जवळजवळ पाच वर्षं अशी अवस्था होती, की मुंबईचा व्यापारी खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायचा. आज लोक ‘कनेक्टिंग फ्लाइट’ चुकली म्हणून कुरकुरतात. ते कनेक्शन अख्ख्या सह्याद्रीचं होतं. पळसदरी ते खंडाळा हा घाटमार्ग 14 मे 1863 ला सुरू झाला आणि खोपोली मुख्य मार्गावरून फाट्यावर गेली. ती आजही तिथेच आहे.

या घाटमार्गाचे आकडे पाहुण्यापुढे ठेवले तर तो लगेच कान टवकारतो. साधारण 25 किलोमीटरच्या चढणीत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर जाते, वाटेत 25 बोगदे, आणि सर्वांत तीव्र चढ 37 मीटरला एक मीटर. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इंग्लंडहून आले आणि महिनाभराच्या आत आजारी पडून वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट अर्धवट न टाकता पुढे चालवलं. जानेवारी 1861 मध्ये घाटात 42 हजार मजूर कामावर होते. पटकी आणि तापाने मेलेल्यांच्या संख्येबद्दल वेगवेगळे अंदाज आहेत, सगळेच हजारांत. त्या मजुरांना मोकळा वेळ किती मिळाला, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही, आणि बोगदे मोजताना तो मनात ठेवलेला बरा.

चढ इतका तीव्र, की पुढच्या इंजिनाला एकट्याने लांब गाडी ओढता येत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. मागेच का? सगळं बळ पुढून लावलं तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर साऱ्या गाडीचा ताण येईल. मागून रेटलं तर तो वाटला जातो, आणि मधे एखादं कपलिंग तुटलंच तर मागचे डबे घाट उतरून पळत सुटत नाहीत. तेवढ्या थांब्यात कर्जतच्या फलाटावर वडापाव खपतो. परदेशी इंजिनिअरला इथला वडापाव सगळेच खायला घालतात, मागचं इंजिन लागताना फार थोडे दाखवतात.

पळसदरी गावात रेल्वेचा तलाव आहे, वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. वाफेचं इंजिन कोळशापेक्षा कितीतरी जास्त पाणी खातं, आणि घाट चढायच्या तोंडावर तर फारच. 1929 मध्ये कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, खंडाळ्याखालचं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडीला तोंड फिरवावं लागे, तेही गेलं. तलाव राहिला. पाण्याच्या कडेला बसलं की घाट चढणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकू येतो, पलीकडे गावात स्वामी समर्थांचा मठ आहे, गुरुवारी तिथे वर्दळ असते. दोन-तीन तास हाताशी असतील तर एवढं पुरे. पावसाळ्यात मात्र पाहुण्याला पाण्यात उतरवू नये; धबधबे आणि धरणांच्या जागी दरवर्षी माणसं बुडतात आणि जिल्हा प्रशासन बंदी घालतं ती उगीच नाही. अर्धा दिवस असेल तर कोंढाणे, तेही ऑक्टोबर ते फेब्रुवारी, पायात बूट घालून.

पूर्ण दिवस असेल तर कार्लं, आणि इथे घड्याळाचं एक गणित आहे. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. आपले सकाळचे सात म्हणजे नव्या आलेल्या जर्मन पाहुण्याच्या शरीरात मध्यरात्रीनंतरचे अडीच किंवा साडेतीन. आपण उत्साहाने त्याला सूर्योदय दाखवायला पहाटे उठवतो आणि तो दिवसभर गाडीत पेंगतो. त्याला दुपारी न्यावं. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. दुपार कलली की नालाकृती खिडकीतून ऊन थेट आत शिरतं आणि खांबांवरचे हत्ती-घोडे उजळतात. लेणं बंद व्हायच्या आधी ते तास गाठायचे. वार शक्यतो रविवार सोडून, कारण दाराशीच एकवीरेचं देऊळ आहे आणि सुट्टीच्या दिवशी कोळी आणि कायस्थ प्रभू कुटुंबांच्या रांगा खालपर्यंत येतात. अर्थात एखाद्या पाहुण्याला लेण्यापेक्षा ती रांगच जास्त आवडेल. आपण आधी विचारावं.

उलट्या दिशेचा प्रवासही या जिल्ह्याला ठाऊक आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये घरून निघाले ते निव्वळ कमाईसाठी. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच हेतू. वाटेत बंड पेटलं, यज्ञ राहिला, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, कमाई लुटली गेली. तरी काशी, अयोध्या ही क्षेत्रं करून गंगेची कावड घेऊनच ते घरी आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. कमाईच्या वाटेवर पडणारी क्षेत्रं करून घेणं ही आपली जुनी रीत आहे. ‘आलोच आहोत तर’ हे शब्द घरोघरी ऐकू येतात.

तीच रीत आता विमानाने जाते. खोपोलीच्या कारखान्यातला माणूस यंत्राची चाचणी बघायला दक्षिण जर्मनीत जातो, बऱ्याचदा श्टुटगार्ट आणि उल्मच्या पट्ट्यात, कारण यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची तिथे गर्दी आहे. कामासाठी जायचं तर व्हिसा कामाचाच हवा. त्यावर मोकळ्या वेळात फिरता येतं, पर्यटकाच्या व्हिसावर काम मात्र करता येत नाही. शनिवारी चाचणी थांबते, रविवार रिकामा. आणि रविवारी जर्मनीतली दुकानं बंद असतात, कायद्यानेच. घरी न्यायच्या चॉकलेटांची यादी खिशात घेऊन बंद शटरांसमोर उभे राहिलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. खरेदी शनिवारी संध्याकाळच्या आत उरकायची. रविवार संग्रहालयांचा, ती रविवारी उघडी आणि बहुतेक सोमवारी बंद. आपलं शरीर तिकडे पहिले चार दिवस पहाटेच जागं होतं, कारण तिथे पाच वाजतात तेव्हा इथे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात. खोलीत फोन बघत पडण्यापेक्षा पहिली गाडी पकडावी.

कुठली गाडी, तर पळसदरीच्या माणसाला माझं उत्तर ठरलेलं आहे. श्टुटगार्ट ते उल्म या जुन्या मार्गावर गाइसलिंगेन नावाचं गाव लागतं. तिथून रेल्वे एका घाटाने वरच्या पठारावर चढते आणि अम्श्टेटनला पोचते. हा घाट 1850 मध्ये सुरू झाला, म्हणजे ज्या वर्षी मॅलेट माथेरान चढले त्याच वर्षी. आपल्या बोरघाटाच्या तेरा वर्षं आधी. लांबी पावणेसहा किलोमीटरच्या आत, चढ 44 मीटरला एक. जड मालगाड्यांना तिथेही मागून इंजिन लावावं लागतं. 2022 च्या डिसेंबरात वेगवान गाड्यांसाठी दुसरा, बोगद्यांचा मार्ग सुरू झाला, पण प्रादेशिक गाड्या अजून जुन्याच घाटाने जातात आणि त्यांचं तिकीट स्वस्त आहे. खिडकीशी बसावं, डोंगराच्या कडेने वर सरकणारा रूळ बघावा आणि सोमवारी चाचणीच्या टेबलावर तिथल्या मंडळींना सांगावं की आमच्या गावच्या घाटाचा चढ 37 ला एक आहे. जर्मन इंजिनिअर ऐकून लगेच मान हलवत नाही. आधी कागद ओढतो, भागाकार करतो, आणि मग विचारतो की तुम्ही मागे किती इंजिनं लावता.